रविवार, चार ते सव्वाचार

हारोच्या बाजारामागे, बेकरीवरच्या खोलीत
माझा दिवस रात्री नऊला उजाडतो.
लोरेता पोरांना निजवते,
मी हेडफोन चढवते, पंखा बंद करते,
त्याची घरघर मिनेसोटापर्यंत ऐकू जाते म्हणे,
आणि घामाघूम बसून सांगते,
गुड मॉर्निंग, मिस्टर ऑकरलुंड,
डुलुथला आज उणे एकोणीस, मफलर विसरू नका.

त्यांना मी पाहिलंय ते खांद्यापर्यंतच.
चार वर्षं झाली. पाय असावेत,
कारण बूट मीच मागवते, साडेदहा नंबर, रुंद.
विमानात कडेची सीट. कांदा नको.
दाताचा डॉक्टर तीनदा पुढे ढकललेला.
बायकोच्या वाढदिवसाला पिवळी फुलं, पण लिली नाही,
लिलीने तिला शिंका येतात
हे त्यांना मी सांगितलं.
'सस्नेह, ग्रँट' लिहिताना
आताशा माझा हात अडखळत नाही.
एकदा म्हणाले, तू माझ्यापेक्षा माझ्यासारखं लिहितेस.
तो मेल मी जपून ठेवलाय,
पगारवाढ मागायच्या दिवसासाठी.

त्यांच्या कॅलेंडरात बोर्ड लाल, बँक निळी, गिऱ्हाइकं हिरवी.
राखाडी पट्टी एकच:
रविवार, चार ते सव्वाचार, आई.
म्हणजे माझ्याकडे सोमवार, पहाटेचे सहा.
खाली पहिली भट्टी निघते,
ताज्या पान दे सालचा वास जिन्याने वर येतो
आणि नेमका तेव्हाच मेसेज: जेनालिन, ढकल.
मी ढकलते. पट्टीला वजन नसतं.
सोमवारवर, मग बुधवारवर, मग पुढच्या रविवारवर,
जिथे आधीच एक बसलेली असते,
दोघी एकमेकींना खेटून.

म्हातारीचा फोन मग माझ्याकडेच वळायचा.
इंगा ऑकरलुंड, वय सत्त्याऐंशी.
पहिल्यांदा म्हणाल्या, तू कोण गं?
मी म्हटलं, ऑफिसमधली.
दुसऱ्यांदा म्हणाल्या, तुमच्या ऑफिसात कोंबडा आरवतो?
मग सांगावंच लागलं.
त्यानंतर दर रविवारी, म्हणजे सोमवारी,
तो कोंबडा, लोरेताच्या धाकट्याचे पडलेले दात,
आणि त्यांच्या खिडकीतलं गोठलेलं सरोवर,
त्यावरून एकटाच चालत गेलेला कोल्हा.
ग्रँट लहानपणी उंदराला भ्यायचा, त्या म्हणाल्या.
हे मी कुठल्या रंगात लिहून ठेवू?
ती पंधरा मिनिटं मी तासांच्या हिशेबात धरली नाहीत.
एकदा धरली. पोरांच्या फीचा महिना होता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, रात्री सव्वाअकराला,
वृद्धाश्रमातून फोन आला, ऑफिसच्या नंबरवर,
म्हणजे माझ्या कानात.
न विचारता मी पहिल्यांदाच लाल पट्टी मोडली.
खांद्यापर्यंतचा माणूस उठून उभा राहिला
आणि मला दिसला त्यांचा पट्टा,
शर्टाचं बाहेर आलेलं एक टोक,
मग बराच वेळ नुसती खुर्ची.

पुढे दोन आठवडे त्यांच्या नावाने
मी एकशे बारा लोकांचे आभार मानले.
एका पत्रात घातलं, आईला कोल्हा दिसला होता.
त्यांनी ते खोडलं नाही.
विचारलंही नाही.

आज पहाटे म्हणाले, ते रविवारचं काढून टाक.
मी टिचकी मारली. यंत्राने विचारलं,
फक्त ही एक, की यापुढच्या सगळ्या?
तेवढ्यात वीज गेली.
लॅपटॉप जळत राहिला, इंटरनेट मेलं,
प्रश्न पडद्यावर तसाच.
बाहेर कुणीतरी जनरेटरची दोरी ओढत होतं,
लागत नव्हता.
खालची भट्टी मात्र लाकडावरची.
चाचपडत जिना उतरले, दहा पाव घेतले,
उधारीवर, शुक्रवारपर्यंत.